आठाला आठच लिहायचं

बासुंदीवरून माझी बायको आणि आमची अक्का यांच्यात चार महिने अबोला होता.

झालं असं, की बारामतीत मी घर बांधलं. बांधलं म्हणजे पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला जेवढं बांधता येतं तेवढं. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले तर तिसऱ्यानं खिडकीतून बोलायचं. नव्या घरात बुद्धवंदना झाली, पंगत उठली, आणि बायकोनं सकाळपासून आटवलेली बासुंदी अक्कापुढं ठेवून विचारलं, "कशी झालीय, अक्का?" अक्कानं वाटी बोटानं निपटून खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "एक."

बायको आत गेली ती भांडी आपटतच. "आख्ख्या बावडा गावात माझ्या बासुंदीला कुणी नावं ठेवली न्हाईत. दहात एक? वाटी चाटूनपुसून खाल्ली तवा कळलं न्हाय व्हय?" मी समजूत घालायला गेलो. मला स्वतःलाच नीट समजलेलं नव्हतं, त्यामुळं भांडण वाढलं. अक्काच्या जगात एक म्हणजे सगळ्यात उत्तम आणि आठ म्हणजे सगळ्यात वाईट, हे घरातल्यांच्या डोक्यात शिरायला चार महिने गेले. त्यानंतर मात्र बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायची, "आमच्या अक्कांनी एक दिलाय माझ्या बासुंदीला," आणि ऐकणारा तिच्याकडं कीव येऊन बघायचा.

अक्का म्हणजे डॉक्टर विशाखा, माझ्या थोरल्या चुलत्याची थोरली लेक. किडनी बदलायच्या आधी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं एकमेकांशी जुळतं का, हे तपासायची प्रयोगशाळा ती चालवते. पुण्यातली भली नोकरी सोडून तिनं ती बारामतीत, एका दवाखान्याच्या तळमजल्यावर काढली, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. तिचं म्हणणं एकच, "आपल्याकडचं रक्त पुण्याला पोचेपर्यंत मरतं. मेलेल्या पेशीला मी काय विचारू?"

तिनं मला ते काम एकदा दाखवलं होतं. तळहाताएवढी ट्रे, तिला मुंगी बुडेल एवढे खळगे. खळग्यात देणाऱ्याच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी, त्यावर घेणाऱ्याच्या रक्ताचं पिवळसर पाणी एक थेंब. मग थांबायचं. त्या पाण्यानं पेशींना शत्रू मानलं, तर त्या मरतात. शेवटी रंग सोडायचा. जिवंत पेशी रंग घेत नाही, हुरड्यातल्या दाण्यासारखी चमकत राहते. मेलेली रंग पिऊन काळी पडते, काणी पडलेल्या ज्वारीसारखी. काहीच मेलं नाही, तर एक. थोडं मेलं, तर दोन, चार, सहा. जवळजवळ सगळंच मेलं, तर आठ. आठ म्हणजे ती किडनी त्या माणसाला लावायची नाही. मधला रस्ता नाही.

मी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ माझ्याच पापण्या बघत बसलो. "काय दिसतंय?" अक्कानं विचारलं. "केस आलेत," मी म्हणालो. तिनं मला स्टुलावरून उठवलं.

दिवसभर हेच आकडे तोंडात असले की ते घरी येणारच. रस्त्याला सहा, मेहुण्याच्या भाषणाला आठ, माझ्या नव्या सदऱ्याला "चार, कारण रंग बरा आहे." मला स्वतःला तिनं उभ्या आयुष्यात दोनच्या वर चढवलं नाही, यावर मी खूश असायचो; पुढं मीच एकदा त्याची माती केली, ते सांगतोच.

पेशंटांशी ती आकड्यांत बोलायची नाही. "रुसलंय" नाहीतर "रुसलं नाही," एवढंच. त्यामागं कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका नानांचे पेढे होते. नानांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आणि नाना आपली एक द्यायला तयार. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी फोनवर सांगितलं, "पॉझिटिव्ह आलंय." नाना अर्धा किलो पेढे घेऊन हजर. दारातल्या शिपायापासून वाटत वाटत अक्कापर्यंत पोचले. "घ्या मॅडम, पॉझिटिव्ह आलं आमचं!"

अक्कानं पेढा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. मग त्यांना बसवून सांगितलं, की या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे नाही. आठ आलेत.

नाना पक्के बाजारकरू. लगेच म्हणाले, "आठ? मग सहा करा की. मी अगदी एक करा म्हणत न्हाय."

"नाना, हा बैलबाजार नाही."

"तसं नव्हं ओ. पर तीस वर्सं एका ताटात जेवलोय आमी. चार लेकरं झाली. तिचं रगत माझ्यावर कशापायी रुसंल?"

"लेकरं झाली म्हणूनच रुसलंय," अक्का म्हणाली. "प्रत्येक लेकरात निम्मे तुम्ही होता. नऊ-नऊ महिने ते तिच्या पोटात राहिलं. तिच्या रक्तानं तेव्हाच तुम्हाला ओळखून ठेवलं."

नानांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. "म्हंजी लेकरांनी वळख करून दिली."

"हां. आणि रक्ताची ओळख म्हणजे भांडण."

पेढा मात्र अक्कानं खाल्ला. परत दिला असता तर त्या माणसाला आणखी एकदा "नाही" म्हटल्यासारखं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या प्रयोगशाळेत 'पॉझिटिव्ह' हा शब्द बंद. आणि आठाचे सहा तिनं कुणासाठी केले नाहीत. दटावणारे आले, पाया पडणारे आले, एक बाई तर तान्हं मूल टेबलावर ठेवून निघाली होती. अक्कानं ते मूल मांडीवर घेतलं, दुसऱ्या हातानं रिपोर्टवर आठ लिहिलं आणि खाली तिचा नेहमीचा शेरा मारला: 'पुन्हा तपासले.' आठ आलं की ती ताजं रक्त मागवून सगळं पहिल्यापासून करायची. चूक आपली निघावी, या आशेनं. ती बहुधा निघायची नाही.

तिची शिकवणही आपल्या मातीतली. आपल्या लोकांना वाटतं, नळी बर्फात घालून आणली की ताजी राहते. त्या पेशी गारठून मरतात, आणि आपल्याकडच्या उन्हात शिजूनही मरतात. मग अक्कानं सांगायला सुरुवात केली, "नळी ओल्या फडक्यात गुंडाळा आणि घरातल्या माठाशेजारी ठेवा. तुम्हाला जेवढं गार सोसतं, तेवढंच तिला सोसतं." बावड्यापासून नरसिंहपूरपर्यंत किती माठांशेजारी अशा नळ्या राहिल्या असतील, कुणास ठाऊक. हे ऐकून एकानं खवचटपणे विचारलं, "मॅडम, ज्यास्नी माठाला हात लावू देत नव्हती त्या घरची तुमी. तुमाला रगतात दिसतीया का ओ जात?"

"दिसते की," अक्का म्हणाली. "गोठलेल्या रक्तात. त्याला मी शिवत नाही."

तिचा आणखी एक नियम होता. ट्रे वाचताना नाव समोर नको, फक्त नंबर. "नाव वाचलं की डोळा खोटं बोलायला लागतो." ती दुर्बिणीतून बघून आकडा सांगायची, तिची मदतनीस फरीदा तो लिहायची, आणि सगळं वाचून झाल्यावर मग नावांची यादी उघडायची.

आता सुजीचं सांगायला हवं. ते टाळत टाळत मी इथवर आलो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

सुजी, म्हणजे सुजाता, अक्काची धाकटी सख्खी बहीण. दिली नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमाजवळ. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात इंदापूरच्या दवाखान्यात फार रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब रक्त पाहिजे. अक्का तेव्हा पुण्यात शिकत होती आणि सुट्टीला म्हणून माझ्याकडं बारामतीत आलेली. दोघींचा गट एक. ती रक्तपेढीत जाऊन आडवी झाली, आणि ती पिशवी मोटारसायकलवरून इंदापूरला मी नेली. पोटाशी धरून, सदऱ्याच्या आत. वाटेत भिगवणच्या फाट्यावर पंक्चर झालो, तर एका टेम्पोवाल्याला आडवा पडून थांबवला. सुजी वाचली.

ही गोष्ट मी पुढं अठरा वर्षं सांगितली. बारसं असो, लग्न असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "मिल्या, पिशवीची गोष्ट सांग." दरवर्षी टेम्पो थोडा मोठा व्हायचा, शेवटी शेवटी तो ट्रक झाला होता. "अक्काच्या रक्तानं वाचली, आणि रक्त कुणी नेलं?" असं मी म्हणायचो, आणि पोरं ओरडायची, "मिलूकाकानं!" सुजी डोळ्याला पदर लावून हसायची. मात्र मी गोष्टीला सुरुवात केली, की अक्का उठून बाहेर जायची. पाणी प्यायला, गाडी बघायला, काहीही. मला वाटायचं, तिला कौतुक सोसत नाही. मोठी माणसं अशीच असतात.

मग सुजीच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग इंदापूरला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काकी, म्हणजे सुजीची आई, थकलेली आणि साखरेच्या आजाराची. तिची किडनी घेता येत नव्हती. नवरा प्रकाशराव पुढं आला. रुसलं. दोन लेकरांनी वळख करून दिलेली. अठरा वर्षांची मुलगी म्हणाली, "मी देते." सुजी म्हणाली, "तू माझ्यासमोर पुन्हा हे बोललीस, तर मी डायलिसिसला जायचीच न्हाय."

मीही गेलो. खरं सांगायचं तर बायकोनं ढकललं. "अक्का, माझी घे," असं मी छातीवर हात ठेवून म्हणालो. किडनी तिथं नसते, हे फरीदानं हळूच सांगितलं. माझा रक्तगटच वेगळा निघाला. "घरी जा," अक्का म्हणाली. मी तोंड पाडून बाहेर आलो, आणि समोरच्या गाड्यावर दोन वडापाव खाल्ले. इतकी भूक मला महिन्याभरात लागली नव्हती. तिसरा सांगत होतो, तेवढ्यात मागं अक्का उभी.

"सुटलास ना?" ती म्हणाली. रागावून नव्हे. मग गाडेवाल्याला म्हणाली, "याला तिखट मिरची दे."

त्या दिवशी तिनं मला आकडा दिला नाही. मी मनातल्या मनात आठ घेतला.

उरली अक्का. बहिणीबहिणींचं निम्मं जुळत होतं, गट तोच, तब्येत ठणठणीत. घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं. प्रकाशरावानं पुण्यात खोली बघून ठेवली. सुजी मला म्हणाली, "दादा, पिशवीच्या गोष्टीला आता दुसरा भाग येणार. औंदा किडनी तू न्यायची न्हाय हां, पंक्चर व्हशील."

इंदापूरहून सुजीची नळी मीच आणली, ओल्या फडक्यात. अक्काचं रक्त फरीदानं काढलं. दुसरी वाचणारी डॉक्टर रजेवर होती, आणि पेशी थांबत नाहीत. "नंबर टाक. माझा कुठला, ते मला सांगायचं नाही," अक्का म्हणाली आणि दुर्बिणीला बसली. मी दारात उभा होतो. फरीदा लिहीत होती.

"बारा, एक. तेरा, एक. चौदा, दोन. पंधरा, एक." अक्काचा आवाज सपाट, जशी शाळेत हजेरी. "सोळा, एक. सतरा," आणि ती थांबली. पट्टी पुढं सरकवली, मागं सरकवली. "सतरा, आठ."

फरीदाचं पेन हललं नाही.

दुर्बिणीवरचा डोळा न काढता अक्का म्हणाली, "लिही की."

फरीदा माझ्याकडं बघत होती. मी भिंतीकडं.

अक्काला त्या क्षणी कळलं. तिच्या मानेवरून मला ते दिसलं. पण डोळा तिनं काढला नाही. "लिही, फरीदा. आठाला आठच लिहायचं. अठरा, एक. एकोणीस, दोन." उरलेली सगळी ट्रे तिनं वाचून पुरी केली, कारण ते एक आणि दोन कुणाकुणाची माणसं होती. मग उठून बाही वर केली. "ताजं काढ. पुन्हा तपासू."

पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी तिच्या पेशी सुजीच्या रक्तात काळ्या पडल्या.

संध्याकाळी माझ्या त्या अरुंद स्वयंपाकघरात उभं राहून मी विचारलं, "सख्ख्या बहिणीवर का रुसावं, अक्का? तुझ्यापासून तर तिला लेकरं झाली नाहीत."

"तिला माझी ओळख आधीच झाली होती."

"कधी?"

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग मला माझी पिशवी दिसली. पोटाशी धरलेली, सदऱ्याच्या आत, कोमट. पिशवीतली अक्का मीच सुजीच्या अंगात नेऊन सोडली होती.

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. पुढं शिकले, तेव्हा कळलं. हमखास होतंच असं नाही रे. मला वाटलं, झालं नसेल. आणि झालंच असलं, तर तिला किडनी कशाला लागतेय." ती बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली. "म्हणून तू गोष्ट सांगायला लागलास की मी उठून जायचे."

"मग ते रक्त द्यायचंच नव्हतं का?"

"दिलं नसतं, तर ती तेव्हाच गेली असती. आणि ती पोरगी आईशिवाय वाढली असती. पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा आडवी होईन मी," अक्का म्हणाली आणि हातातला पेला तिनं ओट्यावर इतक्या जोरात ठेवला, की आतून बायको धावत आली. आयुष्यात पहिल्यांदा मी अक्काला रडताना पाहिलं. आवाज नव्हता. बायकोनं काही न विचारता तिला जवळ घेतलं आणि मला डोळ्यानं खिडकीबाहेर हाकललं.

सुजीला सांगायला अक्का स्वतः नरसिंहपूरला गेली, मी बरोबर. सगळं सांगितलं, पिशवीसकट. सुजी ऐकत राहिली, मग म्हणाली, "हितं दोन नद्या कुणाला न विचारता मिसळत्यात. आपलंच मेलं अडलं." पुढं माझ्याकडं वळली. "दादा, तू गोष्ट बंद करायची न्हाय हां. मला आवडती ती."

मी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. सांगायला गेलो, की टेम्पोपाशीच उठून पाणी प्यायला जातो.

पुढं दोन वर्षं काय काय नाही केलं. रक्तातला राग धुऊन काढायचे उपचार असतात, ते केले. थोडा उतरला, महिन्याभरात परत चढला. किडनीची अदलाबदल करणारं दुसरं कुटुंब शोधलं; त्यांच्याशीही रुसलं. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव होतं. पुण्याहून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा बॅग भरून गेलो आणि बॅग भरलेलीच परत आणली. अक्का प्रयोगशाळेत रोज दुसऱ्यांच्या बहिणींचे एक आणि दोन वाचत होती. फरीदा सांगायची, एक आला की मॅडम आकडा हळू आवाजात सांगतात, कुणाला ऐकू जाऊ नये तसा.

आता शेवटची एक दुपार सांगतो. सुजी त्यानंतर दोन महिनेच होती. अक्का आजही ट्रे वाचते, पण सुजी गेल्यापासून घरात तिनं कशालाही आकडा दिलेला नाही. बायकोनं बासुंदी करून बघितली. अक्का म्हणाली, "छान झालीय," आणि बायको आत जाऊन रडली. म्हणून माझ्या मनातली अक्का अजून त्या दुपारचीच आहे.

रविवार होता. आम्ही नरसिंहपूरला गेलो होतो. सुजीचा हात डायलिसिसच्या सुया टोचायच्या फिस्तुलानं सुजून दोरखंडासारखा झालेला, तरी हट्टानं तिनं स्वतः स्वयंपाक केला होता. तिच्या पथ्याचा. दुधी भोपळा दोनदा उकडून, पाणी फेकून, वर मीठ नाही. आमच्यासाठी वेगळी आमटी होती. पण अक्का सुजीकडं गेली की सुजीच्याच भांड्यातलं खायची, आणि तिच्या धाकानं मलाही खावं लागायचं.

"कशी झालीय?" सुजीनं विचारलं.

अक्कानं घास चावला. "एक."

"खोटं. दादाचं तोंड बघ की."

माझं तोंड खरंच बघण्यासारखं झालं असणार. ओलं वर्तमानपत्र चावावं तशी ती भाजी होती.

"मिल्याला काय कळतंय," अक्का म्हणाली. "एक."

"तोंडी नगं. लिहून दे. तुझ्या लिहिण्यावर माझा इस्वास हाय."

अक्कानं इकडंतिकडं बघितलं. कोनाड्यात सुजीची डायलिसिसची फाईल होती. ती घेतली, शेवटचं कोरं पान काढलं, माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि रिपोर्ट लिहितात तसं लिहिलं: 'दुधी भोपळा. १.' खाली पूर्ण सही.

सुजीनं पान जवळ धरून वाचलं. मग म्हणाली, "आठ आलं की तू पुन्हा तपासतीस. एक आलं की न्हाय?"

"एक आल्यावर कुणी पुन्हा तपासा म्हणत नाही गं."

"मी म्हंती."

अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवला. तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश, अगदी सावकाश चावला. सुजी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, दाराबाहेर निकालासाठी बसलेली माणसं बघतात तशी.

मग अक्कानं डोळे उघडले, पान मांडीवर घेतलं आणि सहीच्या खाली लिहिलं:

'पुन्हा तपासले. १.'